बोलणं तिजोरीत, यादी ओसरीवर

गुन्ह्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘पोलिसांनी संशयिताचा सीडीआर काढला.’ वाचून आपण पान उलटतो, कारण ती भानगड गुन्हेगाराची. पण ‘काढला’ या शब्दाकडे जरा नीट बघा. विहिरीतून पाणी काढावं तसा तो काढलेला असतो. म्हणजे आधीपासून तिथे होताच. तसा तुमचाही आहे, तुमच्या आईचाही आहे, आणि या महिन्यात ज्याने तुम्हाला चुकून रॉंग नंबर लावला त्याचाही.

सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. दिसायला अगदी रुक्ष तक्ता. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला फोन गेला, तारीख, वेळ, किती सेकंद चालला, हँडसेटचा आयएमईआय नंबर (म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) कोणता, कॉल सुरू होताना आणि संपताना फोन कुठल्या टॉवरला जोडलेला होता. एसएमएस आला-गेला याचीही एकेक ओळ. त्यात बोलणं मात्र नसतं. ‘सीडीआर काढला की पोलीस सगळं ऐकतात’ हा समज चुकीचा आहे. व्हॉट्सअॅपवरचा कॉलही त्यात दिसत नाही. तो इंटरनेटवरून जातो, आणि त्याच्या नोंदी आयपीडीआर नावाच्या वेगळ्या तक्त्यात पडतात.

‘बोलणं नाही ना, मग नंबरांच्या यादीत कसलं आलंय गुपित?’ असं म्हणणारी माणसं मला भेटतात, त्यात वकीलही असतात. त्यांच्यासाठी पाच ओळींचा एक काल्पनिक तक्ता. मंगळवारी सकाळी दहा वाजता एका बाईंना पॅथॉलॉजी लॅबमधून फोन, ५० सेकंद. लगेच त्यांनी बहिणीला लावला, २२ मिनिटं. मग कर्करोगाच्या एका रुग्णालयाच्या बोर्ड नंबरवर चार प्रयत्न, शेवटचा ६ मिनिटं. दुपारी विमा एजंट, ९ मिनिटं. नवऱ्याला दिवसभरात एकही फोन नाही, आणि रात्री सगळे कॉल माहेरच्या गावाजवळच्या टॉवरवरून. एक शब्दही न ऐकता तुम्हाला काय काय कळलं ते बघा. शिवाय बोलण्यात माणूस थापा मारू शकतो. तक्ता मारत नाही.

टॉवरवरून नेमकं घर कळत नाही. शहरात टॉवर दाट असल्याने काहीशे मीटरचा परिसर कळतो, खेड्यात काही किलोमीटरचा. पण रोज रात्री अकरा ते सकाळी सात फोन कुठल्या परिसरात असतो हे महिनाभर बघितलं, तर घर शोधायला फार हुशारी लागत नाही.

पूर्वी अशा नोंदी प्रामुख्याने बिलासाठी लागत. एसटीडीचं बिल पाहून घरात भांडणं झालेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. आता अनलिमिटेड पॅकमुळे ग्राहकाचं बिल काढायला तरी प्रत्येक कॉल मोजायची गरज उरलेली नाही. तरीही नोंदी ठेवल्या जातात, कारण सरकारी परवान्याची तशी अटच आहे. ही मुदत आधी एक वर्षाची होती. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने ती किमान दोन वर्षं केली. म्हणजे ही वही आपण लिहीत नाही, फाडू शकत नाही, आणि दोन वर्षं ती दुसऱ्याच्या कपाटात असते.

दोन कुलपं, पण सारखी नाहीत

फोनवरचं बोलणं चोरून ऐकण्याबाबत आपल्याकडे कायदा जुना आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) सरकारला तो अधिकार देत होतं, पण तो फक्त ठरावीक कारणांसाठी. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याचं प्रकरण बाहेर आलं, पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला : फोनवरचं संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे, आणि टॅपिंगचा आदेश गृहसचिवानेच द्यायचा. आदेश दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही. वर एक समिती तो तपासणार. पुढे २००७ मध्ये हे सगळं टेलिग्राफ नियमावलीतल्या नियम ४१९-अ मध्ये बसवलं गेलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले. कुलूप किती मजबूत आहे यावर वाद घालता येईल. पण कुलूप आहे आणि किल्ली बरीच वर ठेवलेली आहे.

यादीचं तसं नाही. तपासासाठी एखादा दस्तऐवज हवा असेल तर तो सादर करा, असा लेखी आदेश देण्याचा अधिकार पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे कलम ९१, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. मुळात ते हिशेबाच्या वह्या, खरेदीखतं, पावत्या अशा गोष्टींसाठी लिहिलेलं. सीडीआरही दस्तऐवजच, म्हणून तोही त्याच दारातून बाहेर पडू लागला. गृहसचिव नाही, समिती नाही, मुदत नाही.

या ढिलाईवर देशाचं लक्ष गेलं ते एका बड्या माणसाला झळ बसली तेव्हा. २०१३ च्या सुरुवातीला राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या कॉल नोंदी कुणीतरी मागवल्याचं उघड झालं. अटक झाली ती दिल्ली पोलिसांच्या एका शिपायाला. वरिष्ठाच्या अधिकृत ई-मेलवरून कंपनीकडे मागणी गेली, असा आरोप होता. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर पोलिसांच्या पत्त्यावरून आलेलं पत्र. त्यांनी देऊन टाकलं असतं तर नवल नव्हतं. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सूचना काढल्या : सीडीआरची मागणी अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच व्हावी. आयुक्तालयात म्हणजे उपायुक्त.

सूचना चांगली होती. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि कुणाच्या सहीने कागद निघायला हवा हे ठरवलं तरी त्या सहीखाली मागच्या टेबलावर काय चालतं हा वेगळा प्रश्न. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनीच सीडीआर विकणारी साखळी उघडकीस आणली आणि काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. अशा बाजारात गिऱ्हाईक कोण असतं याचा अंदाज करायला गुप्तहेर लागत नाही : संशयी नवरा, संशयी बायको, फुटलेला भागीदार, लग्न ठरवण्यापूर्वी ‘माहिती काढणारे’ नातेवाईक.

अमेरिकेतला बहाणा

आपल्याकडे यादी पोलिसांच्या नावाने पळवली गेली. अमेरिकेत ती ग्राहकाच्याच नावाने पळवली जात होती. कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करायचा, ‘मीच तो ग्राहक, बिल हरवलंय’ म्हणायचं, जन्मतारीख किंवा एखादा क्रमांक सांगायचा आणि नोंदी मिळवायच्या. इंग्रजीत याला ‘प्रीटेक्स्टिंग’ म्हणतात, म्हणजे साधा बहाणा. असे बहाणे करणारे लोक इंटरनेटवर उघड दुकान मांडून बसले होते. जानेवारी २००६ मध्ये एका ब्लॉगरने ८९ डॉलर ९५ सेंट भरून जनरल वेस्ली क्लार्क यांच्या मोबाइलवरच्या सुमारे शंभर कॉलची यादी विकत घेऊन दाखवली. हे क्लार्क नाटोच्या फौजांचे माजी सरसेनापती होते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उतरले होते.

त्याच वर्षी ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचं प्रकरण फुटलं. संचालक मंडळातल्या बातम्या बाहेर कोण देतं हे शोधण्यासाठी कंपनीने नेमलेल्या तपासनिसांनी संचालकांच्या आणि पत्रकारांच्या नावाने बहाणे करून त्यांच्या फोन नोंदी मिळवल्या होत्या. अध्यक्ष पॅट्रिशिया डन यांना पद सोडावं लागलं. गंमत अशी, की बँक खात्याची माहिती बहाण्याने काढणं १९९९ च्या कायद्यानेच तिथे गुन्हा होतं. फोन नोंदींबद्दल तसा स्पष्ट केंद्रीय फौजदारी कायदा नव्हता. तो १२ जानेवारी २००७ ला राष्ट्राध्यक्षांच्या सहीने झाला. फसवणुकीने फोन नोंदी मिळवणं, विकणं, विकत घेणं, या सगळ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. २००७ मध्येच दूरसंचार नियामकाने कंपन्यांनाही बांधून घेतलं : फोनवरून कुणी कॉल नोंदी मागितल्या तर आधी पासवर्ड विचारा, आणि खात्याचा पासवर्ड किंवा पत्ता बदलला तर ग्राहकाला लगेच कळवा.

आता एक गोष्ट, जी भारताच्या बाजूने सांगावीशी वाटते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात म्हटलं होतं की तुम्ही फिरवलेला नंबर तुम्ही स्वतःच कंपनीला दिलात, त्यामुळे तो पोलिसांनी घेतला तर खासगीपणाची तक्रार करता येणार नाही. किराणावाल्याला उधारीची यादी दिली म्हणजे ती गावाला दिली, असा तो न्याय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात बँकेच्या कागदपत्रांबाबत हा विचार नाकारला. खासगीपणा जागेला नसतो, माणसाला असतो. कागद बँकेच्या ताब्यात गेला म्हणून त्यावरचा माणसाचा हक्क संपत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयाला १९७९ चा नियम थोडा आवळायला २०१८ उजाडावं लागलं. कार्पेंटर खटल्यात तपास यंत्रणेने एका माणसाच्या फोनची १२७ दिवसांची १२,८९८ ठिकाणं वॉरंटशिवाय मिळवली होती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, ठिकाणांच्या अशा नोंदीसाठी वॉरंट लागेल.

विचार आपला आधी पोहोचला, मग कायदा मागे का पडला? मला वाटतं, आपल्याकडे ‘फोन टॅपिंग’ या शब्दाने सगळं लक्ष खाल्लं. टॅपिंगवरून विधिमंडळात गदारोळ होतो. सीडीआरचा गदारोळ फार तर पोलीस ठाण्याच्या आवारात.

२०२३ नंतर काय बदललं

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारने त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, रास्त गरज हवी, आणि गरजेपेक्षा जास्त हात घालायचा नाही. ही कसोटी नंबरांच्या यादीलाही लागू होते, असं मानायला भक्कम आधार आहे.

पण सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात नेमका बदल दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ मध्ये आहे, आणि त्याची फारशी चर्चाच झाली नाही. थेट किंवा आडमार्गाने, किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन, दूरसंचार कंपनीकडची माहिती परवानगीशिवाय मिळवणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. ती माहिती दुसऱ्याला देणंही गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ‘माहिती’ म्हणजे काय हे सांगताना कायद्याने कॉल डेटा रेकॉर्डचं थेट नाव घेतलं आहे. १८८५ च्या कायद्यात हा शब्द असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यात तार खात्याच्या माणसाने निरोप फोडला तर शिक्षा होती, पण कोणी कोणाला निरोप पाठवला याच्या तक्त्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. जेटली प्रकरणातल्या शिपायापासून ठाण्यातल्या गुप्तहेरापर्यंत सगळ्यांना एकाच वाक्यात कवेत घेणारं कलम, एवढंच की ते उशिरा आलं.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा, तोही २०२३ चा. त्यात कंपनीवर जबाबदारी आहे : माहिती नीट सांभाळा, फुटली तर ग्राहकाला कळवा. सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी सुरू होतात. शिवाय गुन्ह्याच्या तपासाला यातल्या बऱ्याच गोष्टींतून सूट आहे, आणि केंद्र सरकार ठरावीक यंत्रणांना जवळजवळ पूर्ण सूट देऊ शकतं. तेव्हा हा कायदा कंपनीच्या बेफिकिरीवर औषध आहे, सरकारच्या कुतूहलावर नाही.

सरकारचं कुतूहल ही पोकळ भीती नव्हे. २०२० च्या फेब्रुवारीत मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनेच दूरसंचार विभागाला पत्र लिहून तक्रार केली होती, की काही भागांतल्या सगळ्या ग्राहकांच्या ठरावीक दिवसांच्या नोंदी सरसकट मागवल्या जात आहेत. एका संशयिताच्या नव्हे, सगळ्यांच्या. नोव्हेंबर २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनी तर सायबर सुरक्षेसाठी कंपन्यांकडून ‘ट्रॅफिक डेटा’ (संपर्क कशा प्रकारचा, कुठल्या मार्गाने, कधी आणि किती वेळ झाला याची माहिती) आणि संदेशाचा मजकूर सोडून इतर माहिती मागवायची सोयच सरकारला करून दिली आहे. ‘मजकूर सोडून’ हे शब्द मुद्दाम वाचा. मजकूर तेवढा सोवळ्यात, बाकी सगळं चालतं, ही १८८५ पासूनची सवय अजून गेलेली नाही.

घरातला चोर

कायद्याच्या पुस्तकात सरकार आणि कंपनी यांवर पानंच्या पानं असतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या यादीला धोका असतो तो घरातून. कंपनीच्या अॅपवर लॉग-इन करायला ओटीपी येतो, आणि तो येतो त्या फोनवर जो रात्री जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो. एक मिनिट फोन हातात आला की महिन्याचं तपशीलवार बिल स्वतःच्या ई-मेलवर मागवता येतं. ही युक्ती मी शिकवत नाही. ज्यांना ती करायची आहे त्यांना ती आधीच माहीत असते, ज्यांच्यावर होते त्यांना नसते.

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे असंच एक प्रकरण आलं. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोच्या कॉलची यादी पुरावा म्हणून आणली, तिच्या संमतीशिवाय मिळवलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती जी. आर. स्वामीनाथन यांनी तो पुरावा नाकारला. नवरा-बायकोमध्येही खासगीपणा असतो, आणि तो मोडून मिळवलेला पुरावा चालणार नाही, असा त्यांचा रोख होता. जुलै २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात उलट दिशेचा निकाल दिला : जोडीदाराने चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल. एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली असेल तर ते लग्न आधीच मोडकळीला आलेलं असतं, असा त्यामागचा विचार. तो निकाल स्वतःच्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगचा आहे, बहाण्याने कंपनीतून आणलेल्या यादीचा नाही, हा फरक वकिलाला विचारायला विसरू नका. आणि पुरावा न्यायालयाने वाचला म्हणजे तो मिळवण्याचा गुन्हा माफ झाला, असंही नाही. डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही, पण कलम ४२ मध्ये ‘घरगुती’ अशी पळवाट मला दिसली नाही.

इथेच एक गोष्ट, जी आपल्या घराघरांत दुर्लक्षित आहे. आजीचं सिम नातवाच्या आधारवर, बायकोचं नवऱ्याच्या, कामाला येणाऱ्या मावशींचं मालकिणीच्या. घेताना सोयीचं असतं. पण कंपनीच्या लेखी ग्राहक तो, ज्याच्या नावावर सिम. बिल मागण्याचा, नंबर बंद करण्याचा, डुप्लिकेट सिम घेण्याचा हक्क त्याचा. वापरणाऱ्या बाईची यादी मग कायद्याने कुणाची? डेटा संरक्षण कायद्यात माहिती ज्या व्यक्तीची, हक्क तिचा. बिल कुणाच्या नावावर येतं हा मुद्दा नाही. पण गल्लीतल्या मोबाइल दुकानात हे समजावून सांगायला बसाल तर दुकानदार आधारकार्डच मागेल. तेव्हा वापरणाऱ्याच्या नावावर सिम करून घ्या, हा कुठल्याही कलमापेक्षा स्वस्त उपाय. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

आपली यादी बाहेर गेल्याची खात्री पटली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, धावण्यात अर्थ नाही, ती संस्था एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. सोबत पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि तक्रारीत दूरसंचार कायद्याचं कलम ४२ आणि, कंपनीतल्या कुणी माहिती दिल्याचा संशय असेल तर, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२-अ स्पष्ट लिहा. ठाण्यात बसलेल्या माणसाला कलम ४२ नवं असेल, म्हणून त्याची छापील प्रत बरोबर ठेवलेली बरी.

अडचण फक्त ‘खात्री पटली तर’ या तीन शब्दांत आहे. बँकेतून शंभर रुपये गेले तरी एसएमएस येतो. यादी गेली तर येत नाही. पोलिसांनी तुमचा सीडीआर मागवला, तपास संपला, तुमचा काही संबंध नाही असं निघालं, तरी ‘अमक्या तारखेला तुमच्या नोंदी घेतल्या होत्या’ असं तुम्हाला कळवण्याचं बंधन आज ना पोलिसांवर आहे ना कंपनीवर.